विचारणारे गाव आणि विचारणारा वर्ग

आमच्या गावात माणसाला काहीही विचारता येते. पगार किती, कर्ज किती, वावर कोणाच्या नावावर आहे, पोरगी इतकी वाळली कशाने, हे सगळे बसस्टँडवर भेटलेला, नात्यागोत्यात कुठेही न बसणारा माणूसही विचारतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. याच गावातील मुले शाळेत आणि पुढे महाविद्यालयात गेली, की वर्षानुवर्षे शिक्षकांना एकही प्रश्न न विचारता उत्तीर्ण होतात. मीही तशीच झाले. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातील या गावातून कृषी पदवीसाठी अकोल्याला आणि तिथून ऑक्टोबर २०२३ मध्ये जर्मनीतील होहेनहाइम विद्यापीठात पीकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी गेले, तेव्हा थंडीची, भाषेची आणि जेवणाची मानसिक तयारी मी करून गेले होते. प्रश्नांची जी उलटापालट तिथे होते, तिची कल्पना मात्र कोणी दिली नव्हती. तिथे तुमच्या आयुष्याविषयी कोणी काही विचारत नाही, आणि वर्गात बसल्यावर मात्र सगळे सगळ्यांना विचारत सुटतात.

सत्राच्या सुट्टीत सध्या गावी आहे आणि पारावर, लग्नात, दवाखान्यात, जिथे जाईन तिथे पहिला प्रश्न पैशांचाच येतो: "किती लागले व बाई सगळे मिळून?" म्हणून तो आधी उरकून टाकते. जर्मनीतील बहुतेक राज्यांच्या सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, हे खरे आहे. परंतु आमचे विद्यापीठ श्टुटगार्टमध्ये म्हणजे बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात येते आणि तिथे २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. त्याहून मोठी रक्कम असते ती ब्लॉक्ड अकाउंटची. वर्षभराच्या राहण्याखाण्याचे पैसे जर्मनीत आधीच एका खात्यात ठेवावे लागतात, त्यातून दरमहा ठरलेली रक्कमच काढता येते, आणि शिष्यवृत्तीसारखी दुसरी सोय नसेल तर हे खाते दाखवल्याशिवाय व्हिसा मिळत नाही. मी गेले तेव्हा ती रक्कम ११,२०८ युरो होती, म्हणजे आपले जवळपास दहा लाख रुपये. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो झाली आहे. त्याआधी पदवीची कागदपत्रे दिल्लीच्या जर्मन दूतावासातील एपीएस या पडताळणी केंद्राकडून तपासून घ्यावी लागतात. भारतीय विद्यार्थ्यांना हे नोव्हेंबर २०२२ पासून बंधनकारक आहे आणि त्याचे शुल्क अठरा हजार रुपये होते.

दहा लाख हा आकडा गावात सांगितला की ऐकणारा मान हलवतो. पण तो खऱ्या अर्थाने कळतो तो कापसात. २०२३-२४ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,०२० रुपये होता. आमचे वावर सात एकर, सगळे कोरडवाहू. त्यात तूर, सोयाबीन काही न घेता नुसती पऱ्हाटीच, म्हणजे कापूसच लावला, एकरी पाच क्विंटल पिकले आणि सगळा कापूस हमीभावानेच गेला, असे सगळे जुळून आले तरी बियाणे, खत, फवारणी, वेचणी यांतला एक रुपयाही वजा न करता ते चार वर्षांचे उत्पन्न होते. एवढे पैसे कर्जाशिवाय उभे राहणार नव्हते. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेले की बँक तारण मागते, आणि आमच्यासारख्यांची गाडी नेमकी तिथे अडते. शेतजमीन बँका या कर्जाला सहसा घेत नाहीत, कारण कर्ज थकल्यास न्यायालयात न जाता तारण विकण्याचा जो अधिकार २००२ च्या सरफेसी कायद्याने त्यांना दिला, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. शेतकऱ्याची जमीन वाचावी म्हणून केलेली ही तरतूद योग्यच आहे, पण त्याच शेतकऱ्याची मुलगी कर्ज मागायला गेली, की तिच्या बापाची एकुलती एक मालमत्ता कागदावर बिनकामाची ठरते. गावातील घर ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर होते आणि बँकेला मिळकत पत्रिका हवी होती. शेवटी मोठ्या बाबांचा दारव्ह्यातील अकृषक प्लॉट गहाण ठेवला. शिकत असताना हप्ता नसतो, पण व्याज चढतच असते, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण मला भेटायला येणाऱ्या बहुतेक मुलांना हप्ता नाही म्हणजे व्याजही नाही असे वाटते.

पैशांविषयी इतके सविस्तर लिहिण्याचे कारण असे, की त्यांचा अभ्यासाच्या रीतीशी थेट संबंध आहे. दुसऱ्याचा प्लॉट गहाण ठेवून वर्गात बसलेल्या माणसाला चुकीचे बोलण्याची भीती वाटते. शेजारी बसलेला जर्मन मुलगा एखादा विषय आवडला नाही म्हणून अर्ध्यात सोडतो, सत्र वाढले तर वाढले म्हणतो, आणि वर्गात काहीही मनात आले की हात वर करतो; माझ्या मनात मात्र प्रत्येक वाक्य बोलण्याआधी तपासले जात असे.

तिथल्या वर्गात बहुतेक व्याख्यानांना हजेरी नसते. तुम्ही आलात किंवा आला नाहीत, याची कोणी दखल घेत नाही. परीक्षेला बसायचे असेल तर ठरलेल्या मुदतीत स्वतः नोंदणी करायची, आणि ती केली नाही तर "बाळा, तुझा फॉर्म राहिला" असे सांगणारा बाबू कुठेही नसतो. पदव्युत्तर पदवी एकूण १२० श्रेयांकांची (क्रेडिट्सची) असते आणि एका श्रेयांकामागे साधारण तीस तासांचे काम धरलेले असते. त्यातले वर्गातले तास थोडे आणि स्वतःच्या वाचनाचे जास्त. गुणपद्धतही आपल्या उलटी आहे: १.० सर्वोत्तम, ४.० पर्यंत उत्तीर्ण, ५.० म्हणजे नापास. पहिल्या सत्राचा १.७ हा निकाल मी फोनवर सांगितला, तेव्हा आईने बराच वेळ काहीच न बोलता नंतर हळूच "पुढच्या वेळी होईल" असे सांत्वन केले होते. व्याख्यान संपले की टाळ्या वाजत नाहीत, सगळे बोटांच्या सांध्यांनी बाकावर टकटक करतात. पहिल्या दिवशी मला वाटले की मुले प्राध्यापकांवर रागावली आहेत.

प्रश्न विचारणे तिथे धीटपणाचे लक्षण मानले जात नाही, तो कामाचाच भाग असतो. शोधनिबंध वाचून यायचा आणि त्यात काय पटले नाही ते सांगायचे, अशी चर्चासत्रे असतात. अकोल्यात मला शिकवणारे गुरुजन विद्वान होते आणि मनाने मोठे होते. तरीही छापलेल्या मजकुरात काही चूक असू शकते आणि ती मी दाखवायची आहे, हा विचार तिथल्या चार वर्षांत माझ्या मनाला कधी शिवला नाही. दोष एकट्या महाविद्यालयाचा नाही. ज्या घरात "मोठ्यांच्या मधात बोलू नोको" हे वाक्य जेवणापेक्षा जास्त वेळा मिळते, त्या घरातून आलेले मूल वर्गात एकदम तर्ककर्कश होईल, अशी अपेक्षा तरी कोणी कशी करावी?

माझे तोंड उघडले ते मातीमुळे. होहेनहाइम ज्या फिल्डर नावाच्या पठारावर आहे, तिथे वाऱ्याने आणून साठवलेल्या लोएस मातीचे खोल थर आहेत आणि ती जर्मनीतील उत्तम सुपीक जमिनींपैकी एक मानली जाते. टोकदार गड्ड्याची पानकोबी हे तिथले प्रसिद्ध पीक. मृदाशास्त्राच्या प्रात्यक्षिकात जमिनीत खड्डा खणून त्याच्या भिंतीवरचे थर वाचायला शिकवतात. माती ओली करून अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दाबत तिची फीत काढायची आणि त्यावरून चिकणमातीचे प्रमाण ओळखायचे, हा त्यातला एक भाग. तो मला शिकावा लागला नाही. पावसाळ्यात वावरातून घरी आल्यावर चपलेचा तळ चार बोटे जाड करणारी माती ज्याने पायाने ओळखली आहे, त्याला ती बोटांनी ओळखणे अवघड नसते. प्राध्यापक बाईंनी विचारले, तुझ्याकडची माती कशी आहे? मी सांगितले: काळी, उन्हाळ्यात हात जाईल इतक्या भेगा पडणारी, पाऊस लागला की फुगून भेगा मिटवणारी, ओली असताना नांगर चालू न देणारी आणि सुकली की दगड होणारी. पुस्तकात जिला व्हर्टिसॉल म्हणतात, तीच ही.

तेव्हा वर्गातील एकाने, जो माग्देबुर्गच्या बाजूचा होता आणि ज्याच्या भागातही काळी जमीन आहे, सहज म्हटले, की मग तुमच्याकडे सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्यातून मातीत आलेला कार्बन, भरपूर असणार. त्यांच्याकडची काळी माती ह्यूमसमुळे, म्हणजे पूर्ण कुजलेल्या सेंद्रिय पदार्थामुळे काळी असते, म्हणून त्याचा समज स्वाभाविक होता. मी म्हटले, नाही, आमची माती काळी असली तरी कर्ब कमी असतो. तिचा रंग बेसॉल्टपासून बनलेली चिकणमाती आणि तिला घट्ट धरून बसलेला थोडासा ह्यूमस यांमुळे येतो. बाईंनी लगेच पुढचा प्रश्न टाकला: किती कमी? आकडा सांग.

आकडा माझ्याकडे नव्हता. ज्या जमिनीवर मी वाढले, जिच्याविषयी मी आता साऱ्या वर्गासमोर अधिकाराने बोलत होते, तिचे एकही मोजमाप मला माहीत नव्हते. संध्याकाळी बाबांना फोन केला आणि मृदा आरोग्य पत्रिका कुठे आहे ते विचारले. २०१५ मध्ये ही योजना सुरू झाल्यावर पुढे कधीतरी कृषी सहायकांनी आमच्या वावरातूनही माती नेली होती आणि त्याचे पत्र आले होते. ते देवघराशेजारच्या फळीवर जुन्या पंचांगात सापडले. भावाने फोटो पाठवला. सेंद्रिय कर्ब ०.४१ टक्के, सामू (पीएच) ८.१, स्फुरद (फॉस्फरस) कमी, पालाश (पोटॅश) भरपूर. माग्देबुर्गच्या बाजूच्या जमिनीत कर्ब दीड-दोन टक्के असतो. पुढच्या तासाला मी ते पत्र पडद्यावर दाखवले, मराठीतलेच, आणि एकेक ओळ समजावून सांगितली. त्यावर चर्चा बराच वेळ चालली: नमुना किती खोलीचा होता, किती ठिकाणचा मिळून एक केला होता, पऱ्हाट्या, म्हणजे वेचणीनंतर उरलेली कापसाची झाडे, वावरातच कुजवता का जाळता. शेवटच्या प्रश्नाला, "पूर्वी जाळत होतो, आता शेजाऱ्याचे यंत्र मिळाले तर बारीक करतो," एवढेच उत्तर मला देता आले. बाबांना मी हे सगळे सांगितले, तेव्हा त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "म्हंजे आपली जमीन काळी दिसते, पण उपाशी हाये म्हन." बाईंना मी हे वाक्य सांगितले आणि त्यांनी ते लिहून घेतले.

या विद्यापीठाच्या जन्माची कथाही इथे सांगावीशी वाटते, कारण ती आम्हा लोकांना परकी वाटत नाही. १८१५ मध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला आणि त्यातून निघालेल्या गंधकयुक्त वायूंचे आवरण वातावरणात पसरल्यामुळे १८१६ मध्ये युरोपात उन्हाळाच आला नाही. पिके बुडाली, वुर्टेमबर्गमध्ये दुष्काळ पडला. त्या उपासमारीनंतर राजा पहिला विल्हेल्म याने १८१८ मध्ये होहेनहाइमच्या राजवाड्यात शेतकी संस्था सुरू केली आणि योहान नेपोमुक श्वेर्त्स हे तिचे पहिले संचालक झाले. आजही आमची काही व्याख्याने त्या राजवाड्याच्या इमारतीत होतात. दुष्काळाला दिलेले उत्तर म्हणून एखादे विद्यापीठ उभे राहते, ही गोष्ट मी तिथे पहिल्यांदा वाचली तेव्हा साहजिकच पंजाबराव देशमुखांची आठवण झाली. अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यातून ते शंभर वर्षांपूर्वी ब्रिटनला शिकायला गेले, बॅरिस्टर होऊन आणि डॉक्टरेट मिळवून परतले, पुढे केंद्रात कृषिमंत्री झाले, आणि १९६९ मध्ये अकोल्याला स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाला त्यांचेच नाव मिळाले. बोटीने गेलेल्या त्या विद्यार्थ्याला घरचे पत्र मिळायलाही काही आठवडे लागत असतील. मला मृदा पत्रिका मिळायला पाच मिनिटे लागली.

वर्गात मला एकच गोष्ट शेवटपर्यंत अडचणीची वाटली, ती म्हणजे साऱ्या भारताच्या वतीने बोलण्याची अपेक्षा. जर्मनीत जनुकीय बदल केलेल्या पिकांची व्यापारी लागवड होत नाही, त्यामुळे त्या विषयावरचे चर्चासत्र तिथे बरेचसे तत्त्वाच्या पातळीवर चालते. आमच्याकडे असाच जनुकीय बदल केलेला बीटी कापूस २००२ पासून आहे आणि माझ्या आठवणीतली जवळजवळ सगळी पऱ्हाटी बीटीच आहे. "भारतीय शेतकऱ्यांना याविषयी काय वाटते?" असा प्रश्न आला, की पंजाबच्या कालव्याखालच्या शेतकऱ्याचे आणि आमच्या कोरडवाहू शिवाराचे उत्तर मी एका दमात कसे द्यावे, हे मला कळत नसे. मग मी एक नियम केला: बोलायचे ते आपल्या शिवाराविषयी, आणि तसे स्पष्ट सांगून. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने बोंडे आतून कशी पोखरली, त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर कसे दगावले, आणि त्या दिवसांत आमच्या घरी फवारणीचा पंप कोणी हातात घ्यायचा यावरून कसे वाद होत, एवढेच मी सांगितले. एका मुलीने विचारले, मग तुम्ही बियाणे का बदलत नाही? दुकानात जे मिळते त्यातलेच निवडावे लागते, पाकिटे वेगवेगळी असली तरी आत सगळे बीटी संकरितच असते आणि पेरणी पावसानंतर दोन-चार दिवसांत उरकायची असते, हे समजावताना मला पहिल्यांदाच जाणवले, की आपल्या घरच्या ज्या गोष्टी मी स्वाभाविक समजत होते, त्या कोणीतरी ठरवलेल्या आहेत.

वर्गाबाहेर मात्र सगळे शांत. मी राहते त्या भाड्याच्या घरात तीन मुली आहेत आणि तिघींच्या खोल्यांची दारे बंद असतात. भेटायचे तर आधी वेळ ठरवायची. रविवारी दुकाने बंद आणि मोठा आवाज होईल असे कोणतेही काम वर्ज्य. डिसेंबरमध्ये साडेचारला सूर्य मावळला, की दुसऱ्या दिवशीच्या व्याख्यानापर्यंत कोणाशीही एक शब्द न बोलता राहता येते, आणि पहिल्या हिवाळ्यात मी तशी राहिलेही. ज्या प्रश्नांचा गावात वैताग यायचा, त्यांतला "जेवली का?" हा एक तरी प्रश्न कोणी विचारावा असे तेव्हा वाटे. ती कोंडी काही अंशी फुटली ती केरवोखेमुळे. श्टुटगार्टच्या बाजूला इमारतीतील जिना आणि समोरची पायवाट झाडण्याची पाळी आठवड्या-आठवड्याने घराघरावर फिरते. पाळी आली की दारावर तशी पाटी लटकते. रोज पहाटे अंगण झाडून सडा टाकणाऱ्या घरातून आल्यामुळे मला हे काम आपलेसे वाटले. वरच्या मजल्यावरील आजीबाईंनी एका शनिवारी माझे झाडणे वरून निरखून पाहिले, खाली येऊन कोपरा राहिल्याचे दाखवले, आणि मग त्यांच्या श्वाबियन बोलीत, जी मला अर्धीसुद्धा कळली नाही, माझे गाव, माझे आईवडील, माझे भावंड यांची चौकशी केली. त्या दिवशी मी फार आनंदात होते.

खाण्याविषयी सांगण्यासारखे फार नाही. ज्वारीचे पीठ भारतीय दुकानात मिळते, भाकरी जमते, अंबाडीची भाजी मिळत नाही.

कामाच्या मजुरीचा आकडा मात्र गावात फार मोठा चमत्कार वाटतो. विद्यार्थ्यांना मर्यादित काम करता येते. मार्च २०२४ पासून ती मर्यादा वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस अशी आहे. मी विद्यापीठाच्या प्रयोगक्षेत्रावर मुळे धुणे, नमुने वाळवणे, वजने घेणे अशी कामे करते. २०२४ मध्ये तिथे किमान वेतन ताशी १२.४१ युरो होते, म्हणजे अकराशे रुपयांच्या वर. आमच्याकडे यंदा वेचणीचा दर किलोला दहा रुपये होता आणि चांगली वेचणारी बाई दिवसभर वाकून चाळीस-पन्नास किलो वेचते. तिची दोन दिवसांची मजुरी तिथे एका तासात मिळते. हे मी आमच्याकडे वेचायला येणाऱ्या मावशींना सांगितले नाही. खोलीचे भाडे, आरोग्य विम्याचे पैसे आणि इतर खर्च वजा जाता हाती काय उरते हे त्यांना समजावता आले असते, पण एवढे करूनही मधला फरक उरतोच, आणि त्याचे समर्थन माझ्याकडे नाही.

एप्रिलपासून माझा प्रबंध सुरू होईल. विषय आमच्याच शिवारातल्या कर्बाचा आहे: पऱ्हाट्या वावरातच बारीक करून मिसळलेले जमिनीचे तुकडे आणि पऱ्हाट्या उपटून नेलेले तुकडे, यांच्या मातीत फरक पडतो का. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतील माती विशेष परवानगीशिवाय आणायला बंदी असल्यामुळे नमुने सोबत नेता येत नाहीत. ती तपासणी इथल्याच प्रयोगशाळेत करून फक्त आकडे न्यायचे आहेत. नागपूरला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरो आहे, अकोल्याला जुने गुरुजी आहेत. दोन्हीकडे विचारून ठेवले आहे. विचारण्याची सवय आता एवढी लागली आहे, की अकोल्याच्या सरांना मी फोनवर त्यांच्या पद्धतीतली एक शंका विचारली, तेव्हा ते क्षणभर थांबले आणि नंतर अर्धा तास बोलले.

गेल्या आठवड्यात नमुने घ्यायला सुरुवात केली. तुरीच्या तासापासून वर धुऱ्यापर्यंत नागमोडी चालत जागा निवडायच्या, वरचा पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा खड्डा घ्यायचा आणि बाजूची माती वरून खालपर्यंत सारखी कापायची, हे मी बाबांना दाखवत होते. शेजारच्या वावरातले काका बांधावर येऊन उभे राहिले. काय चालले, कशाला, किती खर्च येते, सरकार देते का, पोरगी पुन्हा कधी जाते, असे सगळे विचारून झाल्यावर त्यांनी त्यांच्याही वावराचा नमुना घेशील का म्हणून विचारले. मी त्यांना विचारले, पऱ्हाट्या जाळता का मिसळता, किती वर्षांपासून, शेणखत शेवटी कधी टाकले होते? काका म्हणाले, "इतकं तर बँकेवाल्यानंही नाही इचारलं मले." तरी त्यांनी एकेक उत्तर दिले, आणि बाबांनी ते माझ्या वहीत लिहून घेतले.